गेज काढल्यावर

शाळांना सुट्टी लागेपर्यंत एकही गाडी त्याच तक्रारीसाठी दोनदा परत आली नाही, तर गॅरेजमधला एसीचा कोपरा ठिणगीच्या हाती येणार होता. कोपरा म्हणजे काही फार नव्हे. पत्र्याखाली एक गाडी मावेल एवढी जागा, गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजची जोडी, पाइपातली हवा खेचायचं मशीन, गॅसचे सिलिंडर आणि भिंतीवरचा एक पंखा. पण कुठल्या गाडीला आधी हात लावायचा, कुठल्या गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणायचं आणि भर दुपारी पंख्याचं तोंड कुणाकडे वळवायचं, हे त्या कोपऱ्याचा धनी ठरवतो. ठिणगीला हे तिन्ही हक्क हवे होते. त्यातही पंख्याचा जरा जास्तच.

काकाचाही त्यात फायदा होता. काका म्हणजे गॅरेजचा मालक, ठिणगीच्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याच्या मुलीला दूर तिकडे सासरी मुलगी झाली होती, आणि नातीला एकदा मांडीवर घेतलं की उन्हाळा संपेपर्यंत खाली ठेवायचं नाही, असा त्याचा बेत होता. कोपरा पुतणीने सांभाळला की तो मोकळा. माळ्यावरची बॅग काढून, झटकून, त्याने पलंगाखाली आणूनही ठेवली होती.

म्हणजे दोघांचंही सगळं परत न येणाऱ्या गाड्यांवर अवलंबून होतं. आणि काकाचा नियम कडक. पहिल्यांदा परत आली तर तो काणाडोळा करायचा. दुसऱ्यांदा आली की दोष कारागिराच्या हाताचा. शिवाय परत आलेली गाडी फाटकाशी, बॉनेट उघडं टाकून उभी करायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळावं. ठिणगीने आजवर त्या जागेवर दुसऱ्यांच्याच गाड्या पाहिल्या होत्या, आणि पाहून गालात हसलीही होती.

ठिणगी हे नाव काकानेच ठेवलेलं. एका जागी पाय न ठरणारी, बोलायला लागली की चटके देणारी. गॅसच्या सिलिंडरांमध्ये वावरणाऱ्या मुलीला असल्या नावाने हाक मारू नये, असं तिच्या आईने काकाला पुष्कळदा सुनावलं. पण चिकटलं ते चिकटलं.

तर अशा एका दुपारी, रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असताना, डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मिरवणारी एक छोटी पांढरी गाडी सरळ रस्ता सोडून फाटकातून आत शिरली आणि ठिणगीच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर आचका देऊन थांबली.

ठिणगी हलली नाही. हलायला वेळच नव्हता. गाडीतून एक शांत आवाज आला, “आता क्लच सोडू नका. आधी श्वास सोडा.”

शिकणारा गृहस्थ श्वास सोडायला थांबलाच नाही. घामाने चिंब झालेला तो माणूस दार उघडून उतरला, या भट्टीत बसून शिकण्यापेक्षा मी जन्मभर पायी चालेन असं काहीतरी बोलला आणि खरोखरच पायी निघून गेला. मग शेजारच्या सीटवरून दुसरा उतरला. त्याचाही शर्ट पाठीला चिकटला होता, पण केसांचा भांग जागच्या जागी. असल्या दुपारीही ज्याचा भांग मोडत नाही, त्या माणसावर विश्वास ठेवावा की संशय घ्यावा… ठिणगीला पटकन ठरवता येईना.

“तुमची गाडी आमच्या गॅरेजात कशी आली?” तिने विचारलं.

“तिलाच विचारा,” तो म्हणाला. “मला तर सरळ जायचं होतं.”

त्याला सगळे मास्तर म्हणत. ड्रायव्हिंगची शाळा त्याच्या आत्याची, गाडी आत्याची, शिकवणं याचं. गाडीचा एसी गार हवा देईनासा झाल्यापासून शिकणारे एकेक करून गळत होते. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या गाडीत म्हणे स्वेटर घालून बसावं लागे. आत्याने सांगून टाकलं होतं की गाडी गार झाली नाही तर ती विकायची, पाटी उतरवायची आणि भाच्याने दुसरीकडे कुठेतरी नोकरी धरायची. हे सगळं त्याने उभ्याउभ्या, विचारलं नसताना, सांगून टाकलं. ठिणगीने तोवर बॉनेट उघडलंही होतं.

तिने इंजिन चालू ठेवून एसीच्या दोन पाइपांवर दोन हात ठेवले. एक गार पडून घामेजायला हवा, दुसरा चटका देणारा. दोन्ही कोमट. कॉम्प्रेसर टक् करून चालू होई आणि लगेच टक् करून बंद. पुढचा पंखा व्यवस्थित फिरत होता. गेज लावला तर काटा तळाशी.

“गॅस संपलाय,” ती म्हणाली.

“मग भरा की.”

“गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, मास्तर. बंद पाइपात फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. कुठून गेला ते सापडल्याशिवाय मी भरत नाही.”

ते तिला तासाभरात सापडलंही. पुढच्या जाळीजवळच्या एका सांध्यावर तेलकट धूळ बसली होती. आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. तिने नवी बसवली, मशीन लावून पाइपातली हवा खेचली, काटा हलतो का ते बघत बसली — बसली म्हणजे गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली — आणि काटा जागचा हलला नाही तेव्हा गॅस भरला. हवा येण्याच्या जाळीत थर्मामीटर खोचला आणि म्हणाली, चला, चक्कर मारून बघू.

शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. हे ठिणगीला माहीत होतं, पण ती चालवत असताना पहिल्या वळणाआधीच गाडी आपोआप हळू झाली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

“मास्तर, तुमचा पाय कुठे आहे?”

“जमिनीवर.”

“मग ब्रेक कोणी दाबला?”

“पायाने. माझा त्यात काही हात नाही.” जरा वेळाने तो म्हणाला, “आरशात बघा.”

“बघतेय.”

“तुमच्या नाही, वरच्या छोट्या आरशात. तो माझा आहे. त्यात मागची गाडी दिसायला हवी.”

तिने वर बघितलं. त्यात गाडी नव्हती. दोन डोळे होते, आणि ते थर्मामीटरकडे बघत नव्हते. तिला ते दिसले म्हणजे तिचेही तिकडे दिसत असणार. आरसा काही कुणा एकाची बाजू घेत नाही. गार हवा तिच्या मानेवर येत होती, तरी कान मात्र तापले.

“मागे गाडीच नाहीये,” ती म्हणाली.

“मग… बघत राहा. येईल एखादी.”

त्या संध्याकाळी हातपाय धुताना ठिणगी गुणगुणत होती. काकाने ते ऐकलं. काका ऐकायचा सगळं.

*

गाडी परत आली.

फाटकाशी, बॉनेट उघडं टाकून, सगळ्यांना दिसेल अशी. ठिणगीची आयुष्यातली पहिली परतीची गाडी. लाजेने तिचं तोंड उतरलं, आणि त्याच वेळी… हे मात्र तिने स्वतःशीही नीट कबूल केलं नाही… तिने खिशातल्या रुमालाने गालावरचं ग्रीस पुसलं. गाडी परत येऊ नये आणि मास्तर यावा, असं दोन्ही एकदम मागणाऱ्या माणसाने देवापुढे तरी कुठल्या तोंडाने उभं राहावं!

“नवीन रिंग माझी ठीक आहे,” ती त्याला म्हणाली, जणू त्यानेच शंका घेतली होती.

“मी काहीच बोललो नाही.”

“तुमच्या भांगाकडे बघून वाटतं, बोलताय म्हणून.”

तिने पाइपात दाबाने हवा भरून ठेवली. दिवसभर काटा ढळला नाही. साबणाचं पाणी सांध्यासांध्यावर चोपडलं. एक बुडबुडा नाही. शेवटी गॅसबरोबर तिने एक रंग सोडला. हा रंग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण जिथून गळती असेल तिथे तेलाबरोबर बाहेर येतो आणि निळ्या टॉर्चखाली, पिवळा चष्मा लावून बघितला की हिरवा लखलखतो. त्यासाठी अंधार हवा. दुपारी अंधार कुठून आणायचा? तिने जुनी ताडपत्री उघड्या बॉनेटवरून टाकली आणि आत डोकं घातलं. मग मास्तरनेही घातलं, कारण टॉर्च कुणीतरी धरायला हवा होता. निदान तसं ठरलं.

मधून मधून येऊन दाखवत जा, असं तिने सांगितलं होतं. तो मधून मधूनच्या मानाने बराच येत होता. ताडपत्रीखाली रबराचा, गरम तेलाचा आणि त्याच्या साबणाचा वास एकत्र कोंडलेला असे. चष्मा एकच होता, तो या नाकावरून त्या नाकावर जाई. एकदा तो देताना तिच्या केसांत अडकला, आणि तो सोडवायला त्याला जितका वेळ लागला तितका एखादा इंजिनचा बेल्ट बदलायलाही लागत नाही.

“इथे हिरवं आहे,” चष्मा डोळ्यांवर आल्या आल्या तो म्हणाला. त्याचं बोट गॅस भरायच्या व्हॉल्व्हवर होतं.

“ते माझं,” ठिणगीने फडक्याने पुसून टाकलं. “गेज काढताना तिथे थेंबभर सांडतंच. आपला डाग आपल्याला ओळखता आला पाहिजे.”

“आणि दुसऱ्याचा?”

“त्याच्यासाठीच तर शोधतेय.”

बाकी कुठे हिरवं नव्हतं. मग ती ताडपत्रीतून डोकं बाहेर काढून म्हणायची, थांबा, आलाच आहात तर गेज लावून बघते, नुसतं बघते. गेज लावायचा, काटा स्थिर व्हायची वाट बघायची, इंजिन गरम होऊ द्यायचं, पुन्हा बघायचं. तेवढ्यात अर्धा तास सहज जाई. त्या अर्ध्या तासात तिला कळलं की मास्तरला स्वतःला वेगाची भीती वाटते आणि म्हणूनच तो चांगला शिकवतो. कळलं की त्याची आत्या ड्रायव्हिंग स्कूल चालवते पण तिला गाडी चालवता येत नाही. आणि त्याला कळलं की गाडी दुसऱ्यांदा परत आली की ठिणगीचा कोपरा जातो, ती उभ्याने जेवते, चित्रपट अर्धा टाकून उठते, आणि एखादा बिघाड सापडला नाही की तिला रात्री कूस बदलून बदलून पहाट होते.

“मग अलीकडे झोप?” त्याने विचारलं.

“तुमच्या गाडीने उडवली आहे.”

“गाडीने?”

“…गाडीनेच.” असं म्हणून तिने उगाचच एक घट्ट असलेला नट आणखी घट्ट केला.

*

दुसऱ्यांदा गाडी परत आली तेव्हा शाळांच्या परीक्षा संपत आल्या होत्या. काका स्वतः फाटकाशी आला. ठिणगी पक्कड हातात घेऊन उभी होती, ती इतकी गच्च की बोटांची पेरं पांढरी पडली होती. गेला तो कोपरा, गेला पंखा, आणि त्याहून वाईट म्हणजे बिघाड अजून सापडलाच नव्हता. डोक्यात मुंगी शिरल्यासारखी ती जागच्या जागी पाय बदलत होती.

काकाने मास्तरला सरळ विचारलं, मधल्या काळात बॉनेटला दुसऱ्या कुणाचा हात लागला होता का. कारण बाहेरच्या हाताने छेडलेली गाडी परतीची धरायची नाही, हाही त्याचाच नियम.

मास्तरने ठिणगीकडे बघितलं. तिच्या हातातल्या पकडीकडे बघितलं.

“हो,” तो म्हणाला. “माझा. मीच सोडला गॅस.”

“तुम्ही?” काका म्हणाला. “का?”

मास्तरने मान खाली घातली. मग, जमिनीवरच्या तेलाच्या डागाला सांगितल्यासारखं, हळूच म्हणाला, “इथे यायला काहीतरी कारण लागतं ना…”

आजूबाजूच्या गाड्यांखालून काम करणारी माणसं खोकली. ठिणगीने पाठ फिरवली. तिच्या पाठीमागे काकाने आणखी काही विचारलं, त्याने काहीतरी उत्तर दिलं. तिच्या कानात नुसता सूं आवाज होता. कुणी आपल्यासाठी येतं हे ऐकायला ती कितीतरी दिवस आतुर होती, आणि ते ऐकायला मिळालं ते असं — फसवणुकीच्या पुडीत बांधून. ती सांधे चाचपत बसली होती, तिच्या झोपेचं खोबरं झालं होतं, स्वतःच्या हातावरचा तिचा भरवसा उडाला होता, आणि हा… हा टॉर्च धरून मजा बघत होता?

तिने गॅस भरला. थर्मामीटरसुद्धा लावला. मग व्हॉल्व्हचं टोपण फिरवत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मी शोधत होते मास्तर. खरं खरं शोधत होते. आता परत येऊ नका.”

गाडी फाटकातून बाहेर पडताना जरा अडखळली. शिकवणाऱ्याची गाडी अशी अडखळलेली कुणी पाहिली नव्हती.

शाळांना सुट्टी लागली आणि कोपरा ठिणगीचा झाला. पंख्याचं तोंड तिने स्वतःकडे वळवलं. वारा येत होता, पण अंगाला लागत नव्हता. हातातून नट आवळायचे पाने निसटत, गिऱ्हाइकं दोनदा सांगत आणि हिला एकदाही ऐकू येत नसे. मनातल्या मनात ती त्याच्याशी भांडे आणि त्याची उत्तरंही स्वतःच देई. आणि ती उत्तरं, मेली, नेमकी गोड निघत. एक गोष्ट तर काही केल्या जुळत नव्हती. गेज काढताना गॅसचा नुसता फुस्स आवाज झाला तरी हा माणूस दोन पावलं मागे सरायचा. तो त्या व्हॉल्व्हची पिन दाबून गॅस सोडेल?

काका बॅगेत शर्ट घालत होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

“काका, त्या दिवशी मी पाठ फिरवल्यावर तुम्ही त्याला काय विचारलंत?”

काकाने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. “विचारलं, कुठून सोडला.”

“मग?”

“त्याने बोट दाखवलं.”

“कशाकडे?”

काकाने तो शर्ट बॅगेच्या तळाशी दाबला. “काच धुवायच्या पाण्याच्या टाकीकडे,” तो म्हणाला. “निळ्या टोपणाकडे.”

ठिणगी मटकन खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपणहून बसली असेल.

“तुम्हाला तेव्हाच कळलं? आणि तुम्ही गप्प बसलात?”

“मला जायचं होतं गं,” काका म्हणाला. “आणि तो इतका मनापासून खोटं बोलत होता… म्हटलं, कशाला मोडा.”

म्हणजे गॅस त्याने सोडला नव्हता. म्हणजे गळती होती. अजूनही होती, आणि ती घेऊन ती गाडी रस्त्यावर फिरत होती. ठिणगी उठली. या खेपेला तिने गेज घेतला नाही, कारण गाडी दोनशे मीटरवर सापडली तरी तो उचलून पळता आलं नसतं. फक्त साबणाच्या पाण्याची बाटली घेतली आणि पायात असेल ती चप्पल सरकवून बाहेर पडली.

*

गाडी तिला बाजाराच्या मागच्या रुंद रस्त्यावर दिसली, पायी चालणाऱ्याने सहज मागे टाकावी अशा चालीने येत होती. काचा खाली होत्या. चालवायच्या जागेवर साठीच्या एक बाई ताठ बसल्या होत्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरून, जणू ते कुणी हिसकावून नेणार आहे. या आत्या. शिकणारं कुणी उरलं नव्हतं, आणि रिकामी गाडी फिरताना दिसली तर शाळेची लाज जाईल, म्हणून त्या रोज स्वतःच शिकायला बसत होत्या.

ठिणगी सरळ गाडीसमोर उभी राहिली. गाडी थांबली. ब्रेक आत्यांनी दाबला नव्हता.

“बॉनेट उघडा,” ती म्हणाली.

मास्तर खाली उतरला. भांग विस्कटला होता. “परत येऊ नका म्हणाला होतात.”

“तुम्ही कुठे आलात? मी आलेय.”

त्याने बॉनेट उघडलं. दोन रिक्षावाले, एक फुगेवाला आणि दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं बघू लागली. ठिणगीला त्यांचं भानही नव्हतं. गॅस भरून थोडेच दिवस झाले होते, पाइपात अजून काहीतरी शिल्लक असणार. तिने गॅस भरायच्या व्हॉल्व्हचं टोपण काढलं, तिथेच, जिथला हिरवा थेंब ती ‘माझा’ म्हणून दर वेळी पुसून टाकत होती. टोपणाच्या आतली रबरी चकती झिजून कागदासारखी झाली होती. व्हॉल्व्हच्या तोंडावर तिने साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला.

थेंब तसाच राहिला. मग तो हळूहळू फुगला. वाटाण्याएवढा झाला, थरथरला, त्यात आकाशाचा एक तुकडा आणि दोघांची वाकडी डोकी दिसली, आणि फुटला. मागोमाग दुसरा.

“काय झालं?” मास्तरने विचारलं.

ठिणगीने टोपण मुठीत मिटलं. मग तिने सांगितलं, तुटक तुटक. आतली पिन नीट बसत नव्हती, बहुधा धातूचा एखादा कण अडकला होता. गेज लावला की गेजचंच तोंड त्या व्हॉल्व्हवर घट्ट बसतं, मग तिथून गळणार कसं? हवा खेचली तेव्हा गेज लावलेला. दाब भरला तेव्हा गेज लावलेला. काटा कधी हललाच नाही, कारण गळती जिथे होती तिथेच तिचा हात होता. गेज काढला, गाडी बाहेर गेली, की गळायला सुरुवात. आणि पुन्हा पुन्हा गेज लावून-काढून ती पिन आणखी सैल होत गेलेली.

“तुम्ही बोट ठेवून दाखवलं होतंत,” ती म्हणाली. “मी पुसून टाकलं.”

त्याने पुढचा बुडबुडा बोटाने फोडला. “एक विचारू? पाइपात दाब टिकतोय हे पहिल्याच दिवशी कळलं होतं ना. मग गेज इतक्या वेळा का लावलात?”

ठिणगीने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. रस्त्यावर गाड्या हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या.

“गेज लावला की…” ती म्हणाली, “तुम्ही अर्धा तास थांबायचात.”

मास्तर आधी हसला नाही. आधी त्याने खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, मग तोच रुमाल तिच्यापुढे धरला, कारण तिच्या गालावर साबण आला होता आणि डोळ्यांतलं पाणी त्यात मिसळत होतं. मग हसला.

“म्हणजे मी तुझ्यासाठी खोटं बोललो,” तो म्हणाला, “आणि तू माझ्यासाठी गॅस सोडत होतीस.”

“सगळंच खोटं होतं?”

“गॅसचं खोटं होतं. कारण खरं होतं.”

तो ‘तू’ म्हणाला, हे तिला घरी जाईपर्यंत पुरलं असतं. पण ठिणगीचं थोडक्यात भागत नाही. “मग परत एकदा म्हण,” ती म्हणाली. “खोट्याच्या आधाराशिवाय.”

तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की दुकानाच्या पायऱ्यांवरच्या माणसांना ऐकू आलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना फार वाईट वाटलं.

“अरे, मी क्लच दाबून बसलेय इथे,” आतून आत्या म्हणाल्या. “पायाला मुंग्या आल्या. लग्न करताय का गाडी दुरुस्त करताय, काय ते एक सांगा, म्हणजे मी पाय काढते.”

गॅरेजकडे जाताना ठिणगी गाडी चालवत होती. मास्तर म्हणाला, काकांना कशाला सांगतेस, पिन बदल आणि विषय मिटव; कोपरा मिळालाय तो मिळालाय. ती म्हणाली, तुझ्या खोट्यावर मिळालेला वारा मला लागत नाही, मी बघितलंय बसून. चौकात गाडी जरा जोरात गेली आणि त्याचा पाय जमिनीवरच राहिला.

काका टायरवर बसला होता, पायाशी बंद केलेली बॅग. ठिणगीने सगळं सांगितलं. चूक बाहेरच्या हाताची नव्हती, माझीच होती, दोन्ही वेळा. काकाने ऐकून घेतलं. नियम त्याचाच होता, मोडायचा तर त्यानेच मोडायचा, आणि त्याने क्षणभर बॅगेकडे बघितलंसुद्धा. मग तो उठला आणि पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

“पुढच्या उन्हाळ्यात बघू,” तो म्हणाला. “आणि मास्तर, तुम्ही खोटं बोलायचं असेल तर आधी बॉनेटखाली काय काय असतं ते हिच्याकडून शिकून घ्या.”

आता हिशेब. नवी पिन आणि नवं टोपण बसल्यावर गाडी अशी गार झाली की मास्तरचे शिकणारे परत आले आणि त्याला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. तरी रोज गॅरेज बंद व्हायच्या वेळी तो बिनकारणाचा येऊन उभा राही. आत्यांची पाटी वाचली, पण चालवायची जागा गेली, आणि नेमकी त्यांना गोडी लागली होती. पहाटे शिकणारे यायच्या आत एक फेरी माझी, असं त्यांनी भाच्याकडून कबूल करून घेतलं. ठिणगीचा कोपरा वर्षभर लांबला. त्याचं तिला दुःख झालं, पण त्या दुःखात ती रात्री गाढ झोपली, आणि बसून जेवायलाही लागली.

या सगळ्याचं मोल भरलं ते काकाने. ऐन उन्हाळ्यात गॅरेज सोडून त्याला राहता येईना. पुतणीच्या भरवशावर, फार तर शनिवारी जाऊन सोमवारी परत. तो गेला. नात सगळा वेळ झोपली होती. तिने एकदा डोळे उघडले, काकाकडे बघितलं, आणि तो तिला उचलायला वाकेपर्यंत पुन्हा मिटून घेतले. परत येऊन त्याने हे ठिणगीला सांगितलं, हसत सांगितलं, आणि मग दिवसभर गॅरेजमध्ये या गाडीपासून त्या गाडीपर्यंत फेऱ्या मारत राहिला. त्याचा पाय काही एका जागी ठरेना.